वेळापत्रकात नसलेला सामना

१२ मार्च १९४४, रविवार. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम हे तंबाखूच्या कारखान्यांचे शहर सकाळच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमले होते. पोलीसही त्या वेळी तेथेच असणार, हा हिशेब करूनच अकराचा सुमार निवडण्यात आला होता. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील काही गोरे विद्यार्थी उसन्या मोटारींमधून निघाले, सरळ रस्ता सोडून आडवळणाने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले आणि डोक्यावर कोट ओढून घेत एका लहानशा व्यायामशाळेत शिरले. त्यांच्यामागे दार लावून कुलूप घालण्यात आले. आत नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ, एक पंच, एक घड्याळ आणि अठ्ठावीस वर्षांचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन एवढेच उपस्थित होते. प्रेक्षकांना मज्जाव होता. कुणकुण लागलेले काही विद्यार्थी मात्र खिडक्यांना लटकून आत डोकावत होते.

हा सामना कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. तो होणे बेकायदा होते, आणि उघडकीस आला असता तर नोकरी जाण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही घडू शकले असते. तरीही मॅक्लेंडन यांना तो हवा होता. त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ त्या कुलूपबंद दाराशी येऊन मिळतो. सामना जिंकण्याची विद्या त्यांना लवकर अवगत झाली. सामना मिळवण्यासाठी मात्र त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे गट विभागवार पडतात आणि पुढचा प्रतिस्पर्धी कोण हे ‘ड्रॉ’ ठरवतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची रीत निराळी आहे. आपापल्या साखळीतील सामने सोडले, तर उरलेला हंगाम प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः पत्रव्यवहार करून, गाठीभेटी घेऊन भरायचा असतो. मोठ्या विद्यापीठाने लहान महाविद्यालयाशी का खेळावे, हा त्यातला जुना पेच. जिंकले तर कौतुक नाही, हरले तर नाचक्की. त्यामुळे लहानांना मोठ्यांच्या दारात जावे लागते, मोठे त्यांच्या दारात येत नाहीत. हे झाले गोऱ्या लहान महाविद्यालयांचे. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना दाराशी जाण्याचीही सोय नव्हती, कारण दक्षिणेकडील राज्यांत दोन वर्णांनी एका मैदानात उतरणेच निषिद्ध होते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या दोन्ही स्पर्धा, १९३८ मध्ये सुरू झालेली निमंत्रितांची आणि १९३९ मध्ये सुरू झालेली एनसीएएची, त्यांना बंद होत्या. संघ कितीही चांगला असो, तो किती चांगला आहे हे ठरवण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता.

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा या गावी झाला. आईच्या घराण्यात डेलावेअर या मूळनिवासी जमातीचे रक्त होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली तेव्हा जॉन अवघा तीन वर्षांचा होता. भावंडांची पांगापांग झाली, काही काळ आजोळी कोलोरॅडोत गेला. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केल्यावर मुले कॅन्सस सिटीत पुन्हा एकत्र आली. तेथेच शाळेत बास्केटबॉल त्याच्या नजरेस पडला आणि हा खेळ शिकवणारा माणूस व्हायचे, हे त्याच्या मनाने घेतले. खेळाडू म्हणून तो सामान्यच होता. शिकवण्याची ओढ मात्र असामान्य होती.

१९३३ मध्ये तो लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. तेथे साक्षात डॉ. जेम्स नेस्मिथ अध्यापन करीत होते. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्यात मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी फळांच्या टोपल्या टांगून ज्यांनी हा खेळ शोधून काढला, तेच हे नेस्मिथ. वडिलांनी जॉनला बजावून पाठवले होते की, थेट त्यांच्याकडे जा आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असे सांग. पोराने तसेच केले. वृद्ध नेस्मिथ यांनी विचारपूस केली आणि त्याला आपल्या पंखाखाली घेतले. विद्यापीठाच्या मुख्य संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, त्यामुळे ज्या खेळाच्या जनकाकडे तो रोज धडे घेत होता, तो खेळ विद्यापीठाकडून खेळण्याची मात्र त्याला मुभा नव्हती.

याच काळातील पोहण्याच्या तलावाची हकीकत मराठी वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक होती आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तलावात उतरू नये असा शिरस्ता होता. मॅक्लेंडन उतरले. त्यानंतर तलावातील सारे पाणी काढून टाकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याचे १९२७ च्या सत्याग्रहानंतर ज्यांनी शुद्धीकरण केले, त्यांना हा प्रकार तात्काळ समजला असता. नेस्मिथ विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी तोड निघाली ती अशी की, तलाव दोन आठवडे सर्वांना खुला ठेवावा, आणि काही अनुचित घडले नाही तर तो कायमचा खुला करावा. मॅक्लेंडन यांनी आपल्या सर्व कृष्णवर्णीय सहाध्यायांना त्या दोन आठवड्यांत तलावाकडे फिरकूही नका असे गुपचूप सांगून ठेवले, असे सांगितले जाते. अनुचित काही घडलेच नाही आणि तलाव खुला झाला. प्रतिपक्षाच्याच अटींवर त्याला चकवण्याची ही हातोटी पुढेही त्यांच्या उपयोगी पडणार होती.

१९३६ मध्ये ते पदवीधर झाले. कॅन्सस विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी आयोवा विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि डरहॅमच्या महाविद्यालयात नोकरी धरली. प्रारंभी साहाय्यक आणि १९४० पासून मुख्य प्रशिक्षक.

त्या काळचा बास्केटबॉल संथ होता. प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मध्यभागी येऊन चेंडू पुन्हा उडवण्याची पद्धत १९३७ मध्ये बंद झाली, तरी बहुतेक प्रशिक्षकांच्या डोक्यातून ती गेली नव्हती. चेंडू सावकाश पुढे न्यायचा, पास द्यायचे, दोन्ही हातांनी स्थिर उभे राहून नेम धरायचा. मॅक्लेंडन यांनी नेस्मिथ यांच्याकडून वेगळेच बीज घेतले होते. लहान मुलांच्या हाती चेंडू दिला की ती तो जेथे असेल तेथे धावतात, अर्ध्या मैदानात थांबून वाट पाहात नाहीत, याकडे गुरूने लक्ष वेधले होते. शिष्याने त्याचे शास्त्र केले. प्रतिस्पर्ध्याला साऱ्या मैदानभर घेरायचे, चेंडू हाती येताच क्षणार्धात दुसऱ्या टोकाला पोहोचायचे आणि हे चाळीस मिनिटे अव्याहत करायचे. त्यासाठी दम हवा, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंना मैलोन्‌मैल धावावे लागे. या मेहनतीला कंटाळून कितीजण पळाले याची मोजदाद नाही. जे राहिले त्यांच्यापुढे शेवटच्या दहा मिनिटांत कोणी टिकत नसे. आज ज्याला ‘फास्ट ब्रेक’ म्हणतात आणि जो पाहण्यासाठी कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीसमोर बसतात, त्याची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या अग्रणींत मॅक्लेंडन यांची गणना होते. १९६५ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले.

१९४३-४४ च्या हंगामात त्यांच्या संघाने केवळ एक सामना गमावला होता. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, दगडी कमानींच्या वैभवात, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा संघही तेवढाच मातब्बर होता. युद्धकाळात लष्कर आणि नौदलाने डॉक्टर घडवण्यासाठी देशभरातून मुले तेथे पाठवली होती. त्यांतील अनेकजण आपापल्या विद्यापीठांत नावाजलेले खेळाडू होते. दोन्ही महाविद्यालयांतील काही विद्यार्थी वायएमसीएच्या प्रार्थनासभांत लपूनछपून भेटत असत. अशाच एका बैठकीत कोणाचा संघ श्रेष्ठ यावरून शब्दाला शब्द वाढला आणि आव्हान दिले गेले. मॅक्लेंडन यांनी ते उचलले. महाविद्यालयाच्या अध्यक्षांना त्यांनी सांगितले नाही. सांगितले असते तर परवानगी मिळाली नसती, आणि परवानगी देणाऱ्यावरही बालंट आले असते.

सामन्याची सुरुवात चाचरतच झाली. ज्यांच्याशी हस्तांदोलन करणेही धोक्याचे होते अशा गोऱ्या मुलांशी अंगाला अंग भिडवून खेळण्याची सवय मॅक्लेंडन यांच्या खेळाडूंना नव्हती. जोरात धक्का लागला तर काय होईल, ही धास्ती हातापायांत उतरली होती. सोपे नेम चुकले, पास भरकटले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की समोरचेही घामाघूम होतात, समोरचेही चुकतात. एकदा हे उमगल्यावर सवयीचा वेग परत आला आणि वैद्यकीय शाखेच्या संघाला श्वास घ्यायला उसंत मिळेना. अखेरचा गुणफलक ८८-४४ असा होता. बरोबर दुप्पट.

याहून विलक्षण गोष्ट त्यानंतर घडली. थोडा विसावा घेतल्यावर दोन्ही संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल केली आणि आणखी एक सामना मिश्र संघांत खेळला गेला. एका बाजूने सदरे घातले, दुसरीने काढले. त्यानंतर पाहुणे वसतिगृहात जाऊन यजमानांशी गप्पा मारीत बसले आणि मग आले तसे निघून गेले. स्थानिक कृष्णवर्णीय साप्ताहिकाच्या वार्ताहराला बातमी ठाऊक होती. त्याने ती छापली नाही. वार्ताहराने बातमी दडपणे ही एरवी गौरवाची बाब नव्हे, पण त्या वेळी त्याच्या मौनाइतके मोलाचे दुसरे काही नव्हते.

भीती अनाठायी नव्हती, याचा दाखला चारच महिन्यांत मिळाला. जुलै १९४४ मध्ये याच डरहॅममध्ये बसमधील आसनावरून झालेल्या वादात एका गोऱ्या बसचालकाने बुकर स्पाइसली या गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिकाला गोळ्या घालून ठार केले. ज्यूरीने चालकाला निर्दोष सोडले.

मोठ्यांच्या स्पर्धेत जागा नाही, तर आपली स्पर्धा उभारावी, असा विचार मॅक्लेंडन आणि त्यांच्या काही सहकारी प्रशिक्षकांनी केला. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णवर्णीय महाविद्यालयांची सीआयएए ही संघटना होती. तिची अजिंक्यपद स्पर्धा १९४६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रथमच भरवण्यात आली. अंतिम सामना तीन जादा डावांपर्यंत रंगला आणि मॅक्लेंडन यांच्या संघाने व्हर्जिनिया युनियनवर मात केली. ही स्पर्धा पुढे कृष्णवर्णीय अमेरिकेचा एक वार्षिक उत्सव बनली. पण मॅक्लेंडन यांचे समाधान तेवढ्याने होणारे नव्हते. स्वतंत्र पंगतीत मिळालेले पक्वान्न कितीही रुचकर असले तरी ते स्वतंत्र पंगतीतलेच, ही खंत त्यांच्या मनातून जात नसावी. १९५२ मध्ये त्यांनी डरहॅम सोडले. तत्पूर्वी सॅम जोन्स नावाचा एक सडपातळ तरुण त्यांनी संघात आणला होता. पुढे याच जोन्सने बोस्टन सेल्टिक्सकडून दहा अजिंक्यपदे मिळवली.

हॅम्पटन येथे दोन वर्षे काढीत असताना मॅक्लेंडन यांचा बराचसा वेळ मैदानाबाहेर जात होता. कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या काही क्रीडाप्रमुखांनी एक समिती स्थापन केली होती आणि राष्ट्रीय स्पर्धांची दारे ठोठावण्याचे काम ती करीत होती. एनसीएएकडून अनुकूल प्रतिसाद आला नाही. मग समिती वळली ती लहान महाविद्यालयांच्या एनएआयए या संघटनेकडे. या संघटनेची स्पर्धा १९३७ पासून कॅन्सस सिटीत भरत होती. मोठ्या विद्यापीठांच्या सावलीत झाकोळलेल्या लहान महाविद्यालयांना राष्ट्रीय व्यासपीठ मिळावे, हा तिचा हेतू, आणि तिच्या उभारणीत वृद्ध नेस्मिथ यांचाही हात होता. तरीही लहानांच्या या स्पर्धेत आणखी लहानांना जागा नव्हती. १९४७ मध्ये इंडियाना स्टेटचे तरुण प्रशिक्षक जॉन वुडन यांनी आपल्या संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडूला मनाई असल्यामुळे निमंत्रण नाकारले. दुसऱ्या वर्षी ती बंदी उठली आणि तो खेळाडू खेळला. पण एका संघात एक कृष्णवर्णीय असणे वेगळे आणि साराच्या सारा संघ कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा असणे वेगळे. त्यासाठी १९५३ उजाडावे लागले. त्या वर्षी नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयाला प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी या महाविद्यालयाने मॅक्लेंडन यांना प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले.

१९५४ च्या अखेरीस कॅन्सस सिटीत हंगामारंभीच्या स्पर्धेचे निमंत्रण आले. ज्या शहराच्या शेजारी आपले बालपण गेले, तेथील रिवाज मॅक्लेंडन यांना पाठ होता. खेळायला मैदान मिळेल, पण झोपायला आणि जेवायला कृष्णवर्णीय वस्तीत जावे लागेल. त्यांनी कळवले की, इतर संघ शहराच्या मध्यभागी ज्या हॉटेलांत उतरतील तेथेच आमचाही संघ उतरेल, इतर जेथे जेवतील तेथेच जेवेल, अन्यथा आम्ही येणार नाही. निमंत्रणासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या माणसाने निमंत्रण हाती आल्यावर ते परत करण्याची तयारी दाखवावी, हे सोपे नव्हते. संयोजकांनी अट मान्य केली. संघ हॉटेलात उतरला आणि स्पर्धा जिंकून परतला. माझ्या मते मॅक्लेंडन यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोठा विजय. नंतरची अजिंक्यपदे याच्यापुढे दुय्यम ठरतात.

ती अजिंक्यपदे मात्र अशी होती की तोवर कोणत्याही महाविद्यालयीन प्रशिक्षकाला साधली नव्हती. मार्च १९५७ मध्ये टेनेसी ए अँड आयने अंतिम फेरीत साउथईस्टर्न ओक्लाहोमाला ९२-७३ असे हरवले. १९५८ मध्ये वेस्टर्न इलिनॉयवर ८५-७३ आणि १९५९ मध्ये पॅसिफिक लुथरनवर ९७-८७. सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. बत्तीस संघांच्या स्पर्धेत आठवडाभरात पाच सामने जिंकावे लागत. थकलेल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे मॅक्लेंडन यांची धावणारी मुले ताजीतवानी असत. डिक बार्नेट हा गॅरी, इंडियाना येथील पोलादनगरीतला डावखुरा तरुण या संघाचा मानबिंदू. नेम साधताना तो दोन्ही पाय मागे दुमडीत असे आणि त्या ढबीची नक्कल करण्याचा प्रयत्न सगळेच करीत. १९५८ आणि १९५९ अशी दोन्ही वर्षे तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बार्नेट, जॉन बार्नहिल, बेन वॉर्ली असे या संघातील अनेक खेळाडू पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेले.

तरीही नॅशव्हिलमध्ये परतल्यावर या राष्ट्रीय विजेत्यांना शहराच्या मध्यवस्तीतील उपाहारगृहांत बसून खाता येत नसे. ते विद्यार्थ्यांच्या सत्याग्रहानंतर, मे १९६० मध्ये शक्य झाले. त्याच शहरात व्हँडरबिल्ट हे मोठे विद्यापीठ होते. आग्नेय राज्यांच्या साखळीत ते खेळे आणि त्या साखळीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. टेनेसी ए अँड आय आणि व्हँडरबिल्ट यांच्यात त्या काळी सामना झाला असता तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. पण तो झाला नाही आणि होणेही शक्य नव्हते. दोन महाविद्यालयांमध्ये काही मैलांचे अंतर होते. व्हँडरबिल्टने पेरी वॉलेस या नॅशव्हिलच्याच मुलाच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मुख्य संघात उतरवला तो १९६७ मध्ये.

लपूनछपून सामने खेळण्याची पाळी नंतर गोऱ्यांवरही आली, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. मार्च १९६३ मध्ये मिसिसिपी स्टेटचा संघ न्यायालयाचा मनाई हुकूम बजावला जाण्याआधीच राज्याबाहेर सटकला. कारण एनसीएए स्पर्धेत त्यांची गाठ शिकागोच्या लॉयोला या तुलनेने लहान कॅथलिक विद्यापीठाशी होती आणि लॉयोलाच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते. लॉयोलाने तो सामना ६१-५१ असा जिंकला आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही पटकावले. त्या चारांपैकी दोघे नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलमधून आलेले होते. मॅक्लेंडन यांच्या अजिंक्य संघाचा दबदबा पाहातच त्या शहरातली ही पिढी वाढली होती. अमेरिकी बास्केटबॉलच्या इतिहासात वर्णभिंत कोसळल्याचा दिवस म्हणून १९ मार्च १९६६ ची नोंद केली जाते. टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्या दिवशी बलाढ्य केंटकीला ७२-६५ असे नमवले. त्या सामन्याची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. पण कॅन्सस सिटीत हेच नऊ वर्षे आधी घडून गेले होते. ते लहानांच्या स्पर्धेत घडले, म्हणून देशाच्या लक्षात राहिले नाही.

१९५९ नंतरचा काळ भराभर सांगता येईल. मॅक्लेंडन क्लीव्हलँड पायपर्स या संघाचे प्रशिक्षक झाले. १९६१ मध्ये त्यांनी या संघाला हौशी खेळाडूंचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. पायपर्स व्यावसायिक साखळीत दाखल झाल्यावर अशा साखळीतील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक हा मान त्यांच्याकडे आला. संघाचे मालक होते पुढे बेसबॉलमधील यँकीज संघामुळे गाजलेले जॉर्ज स्टाइनब्रेनर. वेतनावरून खटके उडाले आणि भर हंगामात मॅक्लेंडन यांनी राजीनामा दिला. नंतर केंटकी स्टेट, आणि १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट. प्रामुख्याने गोऱ्यांच्या असलेल्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकपदी नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. तेथे त्यांचे विजयांपेक्षा पराभव अधिक झाले, हे सांगितलेच पाहिजे. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना अठ्ठावीस सामन्यांतच निरोप दिला. दार उघडणाऱ्यांच्या वाट्याला अनेकदा मोडकळलेलेच घर येते. त्यांच्या हाती आलेल्या या दोन्ही संधी अशाच होत्या. त्यानंतर कॉन्व्हर्स या बूट बनवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी म्हणून ते देशोदेशी हिंडले आणि शिबिरे घेत राहिले. १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकी बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकवर्गातही त्यांचा समावेश होता.

१९७९ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाने स्प्रिंगफिल्ड येथे असलेल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले. पण ते प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर खेळाला हातभार लावणारा माणूस या वर्गात. महाविद्यालयीन पातळीवर पाचशेहून अधिक सामने जिंकलेल्या आणि सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेल्या व्यक्तीला प्रशिक्षक म्हणून तोलायला तराजूच सापडला नसावा, कारण त्यांच्या विजयांतील फारच थोडे मोठ्या विद्यापीठांविरुद्ध होते. ज्यांनी त्यांच्याशी खेळणेच नाकारले, त्यांना हरवले नाही हा दोष अखेर त्यांच्याच माथी आला. ती चूक दुरुस्त झाली २०१६ मध्ये. मॅक्लेंडन तेव्हा हयात नव्हते. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी क्लीव्हलँड हाइट्स येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

डरहॅमच्या त्या रविवारबद्दल मॅक्लेंडन आणि दोन्ही संघांतील खेळाडू दीर्घकाळ गप्प राहिले. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत लेख लिहून ही हकीकत उजेडात आणली, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते. वैद्यकीय शाखेतील मुले वयोवृद्ध डॉक्टर झाली होती. त्या सामन्याला आजही अधिकृत नोंदवहीत जागा नाही. ८८-४४ हा गुणफलक कोणाच्याही जयपराजयाच्या हिशेबात धरला जात नाही.

वेळापत्रकाचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. आता कायद्याची आडकाठी नाही. लहान कृष्णवर्णीय महाविद्यालये हंगामाच्या सुरुवातीचे आठवडे मोठ्यांच्या मैदानांवर घालवतात, कारण मोठे विद्यापीठ सामन्यापोटी रोख रक्कम देते आणि त्या पैशावर लहान महाविद्यालयाचा क्रीडाविभाग तगतो. परतभेटीची अट त्यात सहसा नसते. २०२१ मध्ये पश्चिमेच्या पॅक-१२ साखळीने दक्षिणेच्या स्वॅक या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या साखळीशी करार करून त्यांच्या घरी जाऊन खेळण्याचे मान्य केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रॅम्ब्लिंगने कोलोरॅडोला, प्रेअरी व्ह्यूने वॉशिंग्टन स्टेटला आणि टेक्सास सदर्नने ॲरिझोना स्टेटला आपापल्या मैदानावर हरवले. दोन वर्षांतच पॅक-१२ मधील बहुतेक विद्यापीठे अधिक पैशासाठी इतर साखळ्यांत निघून गेली.

टेनेसी ए अँड आयच्या विजेत्या संघाला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घ्यावे यासाठी डिक बार्नेट यांनी कित्येक वर्षे पाठपुरावा केला. मधल्या काळात त्यांनी व्यावसायिक अजिंक्यपदे मिळवली होती, डॉक्टरेट घेतली होती आणि प्राध्यापकीही केली होती. २०१९ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य झाले. एप्रिल २०२४ मध्ये संघातील हयात खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांचा सत्कार करण्यात आला. तिसरे अजिंक्यपद जिंकून तोवर पासष्ट वर्षे झाली होती. बार्नेट त्या वेळी चाकाच्या खुर्चीत होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, त्यांचे निधन झाले.